भेट की कर्ज?

किशोरवयीन मुले आज ज्या संगणकीय खेळांत रमतात, त्यांपैकी काहींमध्ये जिंकणे-हरणे दुय्यम असते. खेळणारा एका कल्पित जगात एखादे पात्र होऊन प्रवेश करतो, प्रवास करतो, माणसांशी बोलतो आणि पदोपदी निर्णय घेतो. ज्या वाटेने तो जाईल, तिकडे कथा वळते. अशा खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. त्यांतील एक निवड बरीच प्रसिद्ध आहे : रक्त पिऊन जगणाऱ्या पिशाच्चांना, म्हणजे व्हॅम्पायरांना, जाऊन मिळावे की त्यांचा नायनाट करणाऱ्या शिकाऱ्यांना?

हा प्रश्न घरातील आजी-आजोबांच्या कानी पडला, तर 'रक्त पिण्यात कसली आली निवड!' हाच उद्गार प्रथम निघेल, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु या निवडीच्या पोटात जो प्रश्न दडलेला आहे, तो व्यापारी घराण्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एखादी वस्तू विनामूल्य मिळते, तेव्हा तिची किंमत प्रत्यक्षात कोण मोजत असतो?

शिकाऱ्याच्या नजरेतून पिशाच्चाच्या नजरेकडे

रक्तपिशाच्चाची कल्पना युरोपातील लोककथांतून आली आणि इंग्रजी साहित्यात रुजली. जॉन पॉलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' ही कथा 1819 साली प्रसिद्ध झाली, तर ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी 1897 साली. 'ड्रॅक्युला'मध्ये वाचक ज्यांच्या दैनंदिनी आणि पत्रे वाचतो, ती माणसे पिशाच्चाचा पाठलाग करणारी आहेत. पिशाच्च स्वतः आपली बाजू मांडत नाही. खेळांनी ही मर्यादा ओलांडली. 1991 साली अमेरिकेत 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला आणि त्यात खेळणाराच पिशाच्च झाला. त्या खेळात प्रत्येक पात्राच्या माणुसकीला चक्क गुण दिलेले असतात. क्रूर कृत्ये घडत गेली की ते गुण उतरतात. त्याच प्रकाशन संस्थेने 1999 साली शिकाऱ्यांच्या बाजूचाही स्वतंत्र खेळ काढला. एकाच खेळात दोन्ही दारे उघडी ठेवून 'कोणत्या दाराने जातोस?' असे विचारणारे ठळक उदाहरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

हारकॉनचा प्रस्ताव

बेथेस्डा या अमेरिकन संस्थेचा 'स्कायरिम' हा खेळ नोव्हेंबर 2011 मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याला 'डॉनगार्ड' नावाची पुरवणी जोडण्यात आली. या नावाचा अर्थ साधारणपणे 'पहाटेचे रक्षक' असा होतो. इस्रान नावाचा एक कठोर योद्धा जुन्या किल्ल्यात शिकाऱ्यांचे दल पुन्हा उभे करत आहे. तो खेळणाऱ्याला एका भुयारी स्मशानगृहात पाठवतो. तिथे दगडी स्तंभात बंदिस्त असलेली सेराना सापडते. ती स्वतः पिशाच्च आहे. आपल्याला घरी पोहोचवावे, एवढीच तिची विनंती असते. घर म्हणजे समुद्रातील बेटावरचा व्होल्कीहार किल्ला, आणि त्याचा धनी म्हणजे तिचा पिता हारकॉन.

कन्या सुखरूप परत आणल्याबद्दल हारकॉन कृतज्ञ असतो आणि बक्षीस देऊ करतो. हे बक्षीस म्हणजे त्याचे स्वतःचे रक्त. ते स्वीकारले की खेळणारा 'व्हॅम्पायर लॉर्ड' होतो. त्याला पंख असलेले अक्राळविक्राळ रूप धारण करता येते आणि अफाट सामर्थ्य लाभते. नाकारले, तर एकवार जीवदान देऊन त्याला किल्ल्याबाहेर घालवून दिले जाते. तलवार उपसावी लागत नाही, कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. केवळ होकार किंवा नकार द्यायचा असतो.

प्रस्ताव ठेवणारा अत्यंत सभ्य आहे, हे इथे ध्यानात घ्यावे. तो धमकावत नाही, भुरळ घालतो. मात्र हेच सामर्थ्य त्याने स्वतः कसे मिळवले, हे कथेत पुढे कळते. मोलाग बाल नावाच्या दुष्ट शक्तीला त्याने सहस्र निरपराधांचा बळी दिला होता. जे भांडवल आज तो उदारपणे वाटतो आहे, ते दुसऱ्यांच्या प्राणांवर उभे आहे. पेढीवर बसणारा जाणता माणूस रक्कम पाहण्यापूर्वी रक्कम आली कुठून, हे विचारतो. हारकॉनपुढे उभा असलेला खेळाडू हा प्रश्न सहसा विचारत नाही, कारण त्याचे लक्ष पंखांकडे असते.

चढत जाणारे व्याज

होकार दिल्यानंतरचा हिशेब खेळाने मोठ्या चातुर्याने मांडला आहे. पिशाच्च झालेल्या पात्राला भूक लागते. झोपलेल्या माणसाचे रक्त प्याले की ती शमते. न प्यायल्यास दिवसागणिक एकेक पायरी चढत, अशा चार पायऱ्यांनी ती वाढते. पायरी चढली की काही शक्ती वाढतात, पण सूर्यप्रकाशाचा त्रासही वाढतो आणि अग्नीची बाधा अधिक होते. भर दुपारी रस्त्याने चालणाऱ्या पिशाच्चाची झीज भरून येत नाही. जो आधी निर्धास्त हिंडत होता, तो आता सूर्यास्ताची वाट पाहू लागतो.

म्हणजे भेट म्हणून मिळालेली वस्तू वास्तविक कर्ज होती. त्याचे व्याज रोज चढते आणि ते फेडतो तो दुसराच कोणी : आपल्या घरात निर्धास्त झोपलेला, या व्यवहारात कुठेही सही न केलेला माणूस. ज्या सौद्यात लाभ एकाचा आणि भरणा तिऱ्हाइताचा असतो, त्याला कोणतीही प्रामाणिक पेढी व्यवहार म्हणणार नाही.

परतीची वाटही खेळात आहे. मॉर्थल नावाच्या गावातील फॅलिऑन हा मांत्रिक पहाटेच्या वेळी विधी करून हा रोग दूर करतो. त्यासाठी तो एक काळे रत्न मागतो. ते रत्न रिकामे चालत नाही, त्यात मनुष्यासारख्या एखाद्या विचारी जीवाचा आत्मा बंदिस्त असावा लागतो. कर्जमुक्तीसाठीही पुन्हा दुसऱ्याच कोणाची ठेव मोडावी लागते. खेळणाऱ्यांपैकी फार थोडे या ठिकाणी थबकत असतील, पण थबकावे असे हे स्थळ आहे.

शिकाऱ्यांची बाजू निर्मळ आहे का?

नकार देऊन परतणारा खेळाडू इस्रानच्या दलात राहतो. गावांवर हल्ले करणाऱ्या पिशाच्चांपासून लोकांचे रक्षण करणे, हे या दलाचे कार्य. ते निश्चितच रास्त आहे. तथापि इस्रानच्या स्वभावात संशय आणि ताठरपणा भरलेला आहे. जुने सहकारी त्याच्यापासून दुरावलेले आहेत आणि त्यांना परत बोलावण्याचे काम खेळणाऱ्यालाच करावे लागते. पुढे सेराना स्वतःहून किल्ल्यावर येते आणि पित्याचा घातक बेत रोखण्यासाठी साहाय्य देऊ करते. तिला पाहताच इस्रानला दिसते ते फक्त एक पिशाच्च. ती उपयोगी पडेल म्हणून तो तिला सहन करतो, आपलेसे करत नाही.

रक्षणासाठी शस्त्र उचलणे आणि द्वेषाने शस्त्र उचलणे, या दोहोंमधील अंतर इथे स्पष्ट होते. जैन आचारविचारात गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी, आणि मनात योजून केली जाते ती संकल्पी. गृहस्थाने संकल्पी हिंसा तर पूर्णपणे वर्ज्य करावी, अशी शिकवण आहे. शिकाऱ्यांच्या बाजूला उभा असलेला मुलगा रक्षणासाठी लढतो आहे की मारण्यात रमला आहे, हे केवळ त्याच्या बाजूच्या नावावरून ठरत नाही.

दोन वाटा, एक शेवट

या खेळातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी येतात. एका भाकिताच्या आधारे हारकॉनला सूर्यच झाकोळून टाकायचा आहे आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या मुलीचे रक्त हवे आहे. ते टाळावे म्हणून तिच्या आईने, व्हॅलेरिकाने, तिला स्तंभात दडवून ठेवले होते. खेळणारा पिशाच्च असो वा शिकारी, अखेर सेरानाच्या साथीने त्याला हारकॉनशीच लढावे लागते आणि हारकॉनचा अंत होतो.

मग निवडीला अर्थ काय उरला? शत्रू तोच, शेवटही तोच. वेगळा असतो तो शेवटापर्यंत पोहोचलेला माणूस. एक जण हारकॉनच्या किल्ल्याचा नवा धनी होतो आणि त्याची भूक मागे उरते. दुसरा उघड्या उन्हातून परततो.

कथेच्या शेवटी हाती येणारे धनुष्यही हेच सांगते. ऑरिएलच्या या दिव्य धनुष्यातून सूर्यतेजाने भारलेला बाण सूर्याकडे सोडला, तर शत्रूंवर प्रकाशाचा वर्षाव होतो. सेरानाच्या रक्ताने माखलेला बाण सोडला, तर काही काळ आकाश काळवंडते. धनुष्य एकच असते. बाण कोणता लावायचा, हे ज्याने त्याने ठरवायचे.

आणखी एक धागा हळुवार आहे. सगळा संघर्ष संपल्यावर खेळणारा सेरानाशी तिच्या या अवस्थेविषयी बोलू शकतो. तिचे मन जाणून नीट संवाद साधला, तर ती स्वतः उपचारासाठी जाते आणि पुन्हा मनुष्य होऊन येते. जे इस्रानच्या शस्त्राला जमले नसते, ते इथे संवादाने साधते.

पिठाचा कोंबडा

'पण हे सगळे खोटेच आहे ना!' असे मुले म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. पडद्यावर कोणताही जीव मरत नाही. याच प्रश्नावर जैन परंपरेने सहस्राहून अधिक वर्षांपूर्वी एक कथा सांगून ठेवली आहे. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' या ग्रंथात ती विस्ताराने येते. अशुभ स्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा, असा राजा यशोधराच्या मातेचा आग्रह असतो. राजा नकार देतो. अखेर आईचे मन राखण्यासाठी तो पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. कोंबडा खोटा होता, रक्त नव्हते. तरीही त्या कृतीतील संकल्पापायी माय-लेकांना पुढे अनेक तिर्यंच योनींत जन्म घ्यावे लागले.

या कथेच्या आधारे संगणकावरील प्रत्येक खेळ पापमय ठरवणे घाईचे होईल. राजाने तो बळी श्रद्धापूर्वक, फळाच्या अपेक्षेने दिला होता. कथा वाचणारा किंवा खेळणारा सहसा तसे करत नाही. खलनायकाचे मन समजावे म्हणून कादंबरी वाचणारा वाचक खलनायक होत नाही, आणि 'त्या बाजूला काय होते ते पाहू' म्हणून हारकॉनला होकार देणारे मूलही क्रूर ठरत नाही. परंतु यशोधराची कथा एक कसोटी मात्र हाती देते : वस्तू खोटी असली, तरी भाव खरा असू शकतो. खेळताना मनात कुतूहल होते, करुणा होती, की दुसऱ्याच्या दुःखात मिळणारा आनंद होता, हे विचारण्यासारखे आहे.

वडीलधाऱ्यांचे काम

यात घरच्यांची पहिली जबाबदारी साधी आहे. हा खेळ लहान मुलांसाठी नाही. अमेरिकेत तो 17 वर्षे व त्यावरील वयासाठी आणि युरोपात 18 वर्षे व त्यावरील वयासाठी वर्गीकृत आहे. खेळ विकत घेण्यापूर्वी किंवा मित्राकडून आणण्यापूर्वी हे वर्गीकरण पाहावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्पष्ट 'नाही' म्हणण्यात कठोरपणा नाही.

जाणत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत मात्र नुसत्या बंदीपेक्षा शेजारी बसून विचारलेले चार प्रश्न अधिक उपयोगी पडतात. तू हारकॉनला काय उत्तर दिलेस? का दिलेस? त्यानंतर कोणाचे नुकसान झाले? आता पुन्हा निवडायचे असते, तर काय केले असतेस? हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नयेत. दुकानातील नव्या मालाची माहिती ज्या उत्सुकतेने घेतली जाते, त्याच उत्सुकतेने विचारावेत. मूल मोकळे बोलेल. कदाचित काळ्या रत्नाविषयी त्यालाही काही खटकलेले असेल.

हीच मुले उद्या दुकान, पेढी किंवा कारखाना सांभाळतील. उंची कपड्यांतला, गोड बोलणारा एखादा हारकॉन त्यांच्यापुढेही येईल. त्याच्या हाती रक्ताचा पेला नसेल. बिलाशिवायचा माल असेल, दुसऱ्याच्या नावावर काढायचे कर्ज असेल किंवा कामगारांच्या हक्काच्या पैशांतून वाढणारा नफा असेल. त्या वेळी सल्ला द्यायला वडील शेजारी असतीलच असे नाही. 'याची फेड कोण करणार?' हे विचारण्याची सवय तोवर जडलेली असावी, आणि ती जडवण्यासाठी आज दिवाणखान्यात चाललेला खेळ निमित्त ठरत असेल, तर ते निमित्त दवडू नये.