प्रेमाची कादंबरी उजळ माथ्याने वाचा!

चळवळीतल्या माणसाने काय वाचावे, याची एक अलिखित यादी आपल्याकडे आहे. बाबासाहेबांचे खंड, महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय, आत्मकथने, इतिहास. ही यादी योग्यच आहे आणि ती पुस्तके घराघरात असलीच पाहिजेत. परंतु त्याच घरातली मुलगी प्रेमाची कादंबरी घेऊन बसली, की "हा काय टाइमपास लावलाय?" असा सवाल हमखास येतो. सवाल करणारा कार्यकर्ता रात्री टीव्हीवर प्रेमाचाच सिनेमा पाहतो, ती गोष्ट निराळी! मलाही हा सवाल अनेकदा झाला आहे. म्हणून जाहीर उत्तर देते. मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते, आवडीने वाचते. बाबासाहेब वाचल्यामुळे तर त्या मला अधिकच कळतात.

या कादंबऱ्यांचा एक नियम आहे. शेवट गोड झाला पाहिजे. विद्वान यालाच हसतात. पण आपल्या साहित्यातली बाई सोसते, लढते आणि पुष्कळदा मरते. ते खरेच आहे, ते लिहिलेच पाहिजे. पण बाईला सुखाचाही अधिकार आहे की नाही? आजच्या प्रेमकादंबरीतली नायिका नोकरी करते, घराचा हप्ता भरते, न आवडलेल्या माणसाला तोंडावर नकार देते आणि आवडलेला माणूस स्वतः निवडते. दिवसभर राबून कल्याणची लोकल पकडणाऱ्या बाईला हे वाचावेसे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

आता मूळ मुद्दा. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म उघडे केले. जातीतल्या जातीत लग्न, हाच जातीचा प्राण. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचे सांगितले. याचा अर्थ काय? मुलीने आपला जोडीदार आपण निवडणे, हा खाजगी मामला उरत नाही. मनुवादी व्यवस्थेच्या नेमक्या मुळावर तो घाव असतो. म्हणून तर ती व्यवस्था प्रेमाला एवढी भिते. २०१३ साली सोनईत प्रेमप्रकरणावरून तीन तरुणांची निर्घृण हत्या झाली. २०१४ साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला मुलीशी बोलला म्हणून मारून टाकले. ज्या देशात प्रेमासाठी मुडदे पडतात, तेथे प्रेमाची गोष्ट टाइमपास कशी?

आमचे अण्णाभाऊ हे जाणून होते. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणारे अण्णाभाऊ साठे, 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारे अण्णाभाऊ, त्यांनीच 'आवडी' लिहिली, 'वैजयंता' लिहिली. 'वैजयंता'वर १९६१ साली चित्रपटही निघाला. लढा आणि प्रेम यांची त्यांनी कधी फारकत केली नाही. मग आपण का करावी?

आमच्या ठाणे परिसरात पुस्तकांची वाण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. मोबाईलवर 'प्रतिलिपी' उघडली तर मराठी प्रेमकथांचा ढीग पडलेला. पण या ढिगात आपली नायिका शोधा! आडनावे त्यांची, वाडे त्यांचे, सणवार त्यांचे. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवर वाढलेली, बुद्धविहारात वंदना घेणारी, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कुणावर तरी जीव जडलेली मुलगी मला या कथांत क्वचितच भेटते. आपल्या पोरी प्रेमात पडत नाहीत काय?

अमेरिकेतल्या काळ्या भगिनींपुढे हाच प्रश्न होता. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपली दलित पँथर उभी राहिली, त्याच समाजाची ही गोष्ट. तिथल्या बाजारातल्या प्रेमकादंबऱ्यांत नायिका गोरीच असायची. १९८० साली एल्सी वॉशिंग्टन या पत्रकार स्त्रीने टोपणनावाने काळ्या नायक-नायिकेची प्रेमकादंबरी लिहिली आणि व्हिव्हियन स्टीफन्स या काळ्या संपादिकेने ती प्रसिद्ध केली. मागून लेखिकांची रांग लागली. तरीही तिथल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेचा मानाचा 'रीटा' पुरस्कार काळ्या लेखिकेला मिळायला २०१९ साल उजाडले. म्हणजे प्रेमाच्या गोष्टीतही वर्ण आडवा येतोच. पण त्या भगिनी लिहायच्या थांबल्या नाहीत.

म्हणून माझी बांधवांना विनंती आहे. मुलीच्या हातातली कादंबरी हिसकावू नका. तिच्यासोबत बसा आणि विचारा, या नायिकेची जात लेखकाने का लपवली? हिच्या बापाने होकार दिला नसता तर? आणि भगिनींनो, तुम्ही लिहा. आपल्या वस्तीचे, आपल्या लोकलचे, आपल्या नकाराचे आणि आपल्या होकाराचे लिहा. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या स्टॉलवर खंडांच्या शेजारी आपल्या पोरींनी लिहिलेली, गोड शेवटाची एक तरी प्रेमकादंबरी दिसू द्या. पहिली प्रत मी विकत घेईन. जयभीम!