इकडे म्हणजे कुठे?

हौशी एकांकिकेच्या तालमीत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? पाठांतरात नाही, "इकडे ये, अरे इकडे नाही, तिकडे!" यात. संभाजीनगरात नाटकाची हौस उदंड. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी इथूनच मुंबईला गेली. पण स्टेजचा नकाशा पहिल्या दिवशी शिकवणारे ग्रुप मला फार कमी दिसतात.

खरं तर नियम सोपा आहे. उजवं-डावं नेहमी नटाचं, तेही प्रेक्षकांकडे तोंड करून. प्रेक्षकांजवळचं डाउन स्टेज, मागचं अप. युरोपात पूर्वी रंगमंच मागे चढता असायचा, त्यावरून ही नावं.

आता समजा, सीन चालू असताना तुम्ही गुपचूप दोन पावलं अप सरकलात. तुमच्याशी बोलायला समोरच्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. वाक्य त्याचं, चेहरा दिसतो तुमचा! मी तर याला सरळ चोरी म्हणतो. (ऑफिसच्या मीटिंगातही असे नट असतात, असो.) ज्याला अप-डाउन हे शब्दच माहीत नाहीत, तो बिचारा तक्रार तरी काय करणार?

तेव्हा दिग्दर्शक मंडळी, पुढच्या तालमीला जमिनीवर खडूने नऊ चौकोन आखा आणि त्यात नावं लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.