वाचा गेलेल्याची साक्ष

बार्शीटाकळी तालुक्यातील एका शेतमजुराचे प्रकरण आमच्याकडे आले. घराच्या जागेचा दावा आणि साक्षीदार तो स्वतः; पण लकव्याने वाचा गेलेली. "त्याइले समदं समजते, पण शबद निंगत नाई," बायको सांगत होती. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ नुसार अशा साक्षीदाराला लिहून वा खुणांनी साक्ष देता येते. परंतु मेंदूतील भाषेच्या भागाला इजा झाली की बोलण्याबरोबर लिहिणेही बिघडते. कित्येकांचे 'हो' आणि 'नाही' उलटसुलट होते. येथे वकील काय करणार? येथे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट लागतो.

हा माणूस तोतऱ्या मुलांपुरता, असा आपला समज (आमचाही तोच होता). प्रत्यक्षात लकव्यानंतर गिळणेही बिघडते. पाणी, पातळ वरण श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. रुग्णाला कसे बसवावे, घास केवढा द्यावा, हे तोच शिकवतो. घरची माणसे मात्र आडव्या पडलेल्याच्या तोंडात चमच्याने पाणी ओतत राहतात, तेही मायेपोटी! तंबाखू-खर्र्याच्या कॅन्सरात स्वरयंत्र काढलेल्यांनाही पुन्हा बोलते करण्याचे काम त्याचेच.

हे एका भेटीत होत नाही, महिनोन्महिने चालते. अकोल्याची प्रत्येक खेप म्हणजे दोघांची मजुरी बुडणे. तिसऱ्या खेपेनंतर कुटुंब येत नाही आणि कागदावर 'रुग्ण गैरहजर' असा शेरा पडतो. गैरहजर कोण, रुग्ण की शासन?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने वाचा व भाषा दिव्यांगत्व मान्य केले आहे. त्याचे कलम २५ उत्पन्नाच्या मर्यादेत जवळच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा देण्यास सांगते. कलम ५ घरपोच साहाय्याचा उल्लेख करते. तेव्हा तालुक्याला ठरलेल्या वारी तज्ज्ञ यावा, त्याने घरभेटी द्याव्यात आणि ठसका लागणारा रुग्ण ओळखण्याचे प्रशिक्षण आशाताईंना मिळावे, ही मागणी मेहेरबानीची नाही.

आणि उपचार वऱ्हाडीत व्हावा. जन्मभर 'वावर' म्हणणाऱ्याने चित्र पाहून 'शेत' म्हटले नाही, तर ती चूक धरायची काय? मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत १९८३ पासून या क्षेत्राचे काम चालते. आपली बारावी विज्ञान झालेली मुले-मुली या अभ्यासक्रमाकडे फारशी वळत नाहीत, याचीही आम्हाला खंत आहे.

आमच्या पक्षकाराला तारीख मिळाली आहे. तोपर्यंत त्याला 'हो' आणि 'नाही' वेगळे दाखवता आले पाहिजे.