थीसिसच्या पलीकडे काही आहे की नाही?

"आधी थीसिस संपवा, मग बाकीचे उद्योग करा." पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलांना हे वाक्य तोंडपाठ असते. मला ते अजिबात मान्य नाही.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनीच संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापन, लेखनाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. आठवड्याला 4 ते 6 तास शिकवण्या, प्रयोगशाळा, मूल्यमापन यांचे काम देता येईल, असेही म्हटले. पण गाइडचे पेपर तपासणे आणि चर्चासत्राला आलेल्या पाहुण्यांची सरबराई करणे यालाच जर 'अनुभव' म्हणायचे, तर ती शुद्ध वेठबिगारी झाली!

अनुभव म्हणजे वर्गात एखाद्या पोराच्या साध्या प्रश्नाने घाम फुटणे. खाजन शेतीवर प्रबंध लिहिणाऱ्याने आपले निष्कर्ष देवळाच्या मंडपात शेतकऱ्यांपुढे मांडणे, आणि त्यांनी चूक दाखवली तर ती ऐकून घेणे.

आपल्या गोव्यात 1907 साली जन्मलेले दामोदर कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी प्राचीन नाणी तोलून इतिहास वाचला, भर्तृहरीची संहिता संपादित केली. पीएच.डी. मात्र त्यांनी केली नव्हती!

पदवी मिळेल हो. पण प्रबंधाबाहेर एक पानही न लिहिलेला डॉक्टर उद्या आपल्या मुलांना शिकवणार काय?