विश्लेषण : जुन्या मोटारीला ‘ट्यून्ड’ इनटेक मॅनिफोल्ड… ताकद वाढते की कटकट?

पंपावर २० टक्के इथेनॉलचे (ई-२०) पेट्रोल सर्रास मिळू लागल्यापासून जुनी कार्ब्युरेटरची मोटार बाळगणाऱ्यांची एक तक्रार ऐकू येते : गाडी चढाला ओढत नाही. त्यावर उपाय म्हणून इंजिनाला खास मापाचा इनटेक मॅनिफोल्ड बनवून बसवण्याचा सल्ला दिला जातो. शहाद्याहून तोरणमाळ किंवा अक्कलकुव्याहून मोलगी अशा चढाच्या रस्त्यांवर जुनी गाडी चालवणाऱ्याने हा खर्च करावा का?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे काय?

कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटलपासून प्रत्येक सिलिंडरपर्यंत हवा नेणारा नळ्यांचा संच म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. झडप उघडून पिस्टन खाली जाताना नळीत दाबाची लाट तयार होते. ती नळीच्या मोकळ्या टोकापर्यंत जाऊन परत फिरते. झडप बंद होण्याच्या बेतात ती परत आली, तर थोडी जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबली जाते. नळीची लांबी ठरवून ही वेळ साधणे म्हणजेच ‘ट्यूनिंग’.

लांबीचे गणित कसे?

लाट आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर क्रँकला पाव फेरी घ्यायला ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाट जाऊन-येऊन पावणेदोन मीटर कापते, म्हणजे नळी सुमारे ८७ सेंटिमीटर हवी. ६,००० फेऱ्यांसाठी त्याच्या निम्मी पुरते. हे ढोबळ गणित झाले. प्रत्यक्षात कॅमशाफ्टची वेळ, नळीचा व्यास आणि लाटेच्या पुढच्या फेऱ्याही मोजाव्या लागतात. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये ‘३००-एफ’ मोटारीला ३० इंची नळ्या दिल्या, त्या मधल्या फेऱ्यांवरील ओढ वाढवण्यासाठी. जास्त वेगासाठी त्याच मोटारीची आखूड नळ्यांची आवृत्ती वेगळी होती. सारांश, एका लांबीचा खरा फायदा फेऱ्यांच्या एका टप्प्यातच मिळतो.

सातपुड्यात काय उपयोग?

घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कमी ते मध्यम फेऱ्यांवर चढते. रेसिंगच्या धर्तीवरच्या आखूड, रुंद नळ्या बसवल्या तर नेमकी तिथलीच ओढ कमी होते. शिवाय तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तिथे समुत्साटीच्या तुलनेत हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. ही तूट मॅनिफोल्ड पूर्ण भरून काढू शकत नाही. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपला तर या खर्चाचा फारसा लाभ नाही. जुन्या ‘हरिकेन’ पेट्रोल जीपमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असल्याने तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

ई-२० मुळे तक्रार का?

इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि जळायला हवाही कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक मिश्रण जुळवून घेतो. कार्ब्युरेटर जुळवत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. मॅनिफोल्ड लांब आणि थंड असेल तर इंधन नळीच्या भिंतींवर चिकटते आणि सिलिंडरना असमान पोहोचते. म्हणूनच अनेक जुन्या मॅनिफोल्डना गरम पाण्याची किंवा एक्झॉस्टची ऊब दिलेली असते. घरगुती बनावटीत ती सोय वगळली, तर हिवाळ्यात गाडी सकाळी धडपडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने जुन्या रचनेच्या चारचाकींच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती. सरकारच्या मते प्रत्यक्ष घट किरकोळ आहे. ई-२० विरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२-अ अन्वये नियमबाह्य फेरबदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र कायद्यात ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील बदल. त्यामुळे मूळ मापाचाच मॅनिफोल्ड बसवणे ही दुरुस्ती ठरते. ताकद वाढवण्यासाठी केलेली बनावट वादात सापडू शकते. अशा वेळी आरटीओचे लेखी मत घेतलेले बरे.

५० वर्षांवरील मोटारीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करायची असेल, तर इंजिन मूळ स्वरूपात असणे ही अट आहे. २० वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. एवढे भरून फिटनेस तपासणीत गाडी अडकली, तर नुकसान दुहेरी.

मग आधी काय करावे?

ओढ कमी झाली की आधी कॉम्प्रेशन, इग्निशन टायमिंग आणि मॅनिफोल्ड गॅस्केटची गळती तपासावी. कार्ब्युरेटर साफ करून जेटचे माप जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावे. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. त्यानंतर पीयूसी केंद्रावरचे आकडे पाहावेत : भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. एवढे करूनही समाधान झाले नाही, तरच नव्या मॅनिफोल्डचा विचार करावा. तोही मिस्त्रीला आपली गाडी किती फेऱ्यांवर चालते हे सांगून.