तुलनेची खूण कोठे असते?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या लेखनात 'मोअर बिगर', 'मोअर बेटर' असे दुहेरी प्रयोग वारंवार आढळतात. विद्यार्थी मालवण किनाऱ्यावरील खेड्यातला असेल, तर या चुकीचे खापर पुष्कळदा त्याच्या बोलीवर फोडले जाते. 'घरी मालवणी बोलतो, त्याला धड मराठी येत नाही, मग इंग्रजी कोठून येणार?' असा हा युक्तिवाद असतो. तो भाषाशास्त्रीय दृष्ट्या निराधार आणि अध्यापनाच्या दृष्टीने घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या प्रश्नाचा विचार इंग्रजी विभागावर सोपवून मराठीच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.

प्रथम व्यवस्थेतील भेद पाहू. इंग्रजीत तुलनेची खूण विशेषणावर असते. 'बिग'चे 'बिगर' होते. लांब विशेषणांपूर्वी 'मोअर' येते. मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप पालटत नाही. तेथे खूण बसते ती ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामावर किंवा सर्वनामावर: 'रामापेक्षा उंच', 'रामाहून उंच'. मालवणीत हेच कार्य 'परास' करतो. 'कालच्यापरास आजचो बांगडो मोठो' या वाक्यात 'मोठो' हे विशेषण बांगड्याच्या लिंगवचनानुसार चालते. तुलनेचा भार मात्र संपूर्णपणे 'परास'वर आहे.

आता या वाक्यातील 'कालच्यापरास' गाळून पाहावे. 'आजचो बांगडो मोठो' एवढेच उरते आणि ते साधे विधान होते, कारण नामाबरोबर तुलनेची खूणही निघून जाते. इंग्रजीत 'दॅन'पासूनचा भाग गाळला तरी 'बिगर' शिल्लक राहते व तुलना टिकते. दैनंदिन इंग्रजीत या सोयीचा उपयोग सतत होतो. 'स्पीक लाउडर', 'कम अर्लियर', 'आय फील बेटर' या वाक्यांत कशाहून, ते सांगितलेले नसते. मराठी भाषक अशा ठिकाणी 'जरा मोठ्याने बोल', 'आणखी लवकर ये' असे म्हणतो. मालवणीत 'वायच मोठ्यान बोल' असे म्हणतात. म्हणजे तुलनेचा आधार अध्याहृत असताना आपल्याकडे एखादा स्वतंत्र शब्द पुढे येतो. विद्यार्थी 'बिगर'पूर्वी 'मोअर' घालतो तेव्हा तो हीच सवय इंग्रजीत नेत असावा. 'बिगर' हे त्याला 'मोठा' या अर्थाचे साधे विशेषण वाटते. त्यात तुलना आधीच आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. त्याची चूक नियमबद्ध आहे, आणि नियमबद्ध चूक दुरुस्त करणे सोपे असते.

अशा दुहेरी प्रयोगांकडे तुच्छतेने पाहण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शेक्सपिअरच्या नाटकांत असे प्रयोग आढळतात. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या इंग्रजी व्याकरणाने त्यांना अयोग्य ठरविले. दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'उत्तम' ही संस्कृतात अतिशयवाचक रूपे होत. मराठीत ती साध्या विशेषणांसारखी झाली, म्हणून आपण 'अधिक उत्तम', 'सर्वश्रेष्ठ' असे निःसंकोच लिहितो. 'श्रेष्ठतम' तर वैदिक संस्कृतातही आहे. अतिशयाची खूण झिजली की भाषक तिच्यावर दुसरी चढवितो. मग आपल्या गौरवग्रंथांतील 'श्रेष्ठतम' ही विद्वत्ता आणि विद्यार्थ्याच्या वहीतील 'मोअर बेटर' हे अज्ञान, हा न्याय कोणता?

आपल्या व्याकरणानेही या बाबतीत पुरेशी मदत केलेली नाही. शालेय व्याकरणात तुलनावाचक शब्दयोगी अव्यये म्हणून 'पेक्षा, तर, तम, मध्ये, परीस' अशी यादी दिली जाते. 'तर' व 'तम' हे संस्कृत प्रत्यय विशेषणाला लागतात. 'पेक्षा' व 'परीस' नामाला. दोन भिन्न व्यवस्था एकाच ओळीत बसविल्यामुळे मराठी तुलनेचे मर्म झाकले जाते. त्याच यादीतील 'परीस' विद्यार्थी जुना शब्द म्हणून पाठ करतो. घरी आई रोज वापरते तो 'परास' त्याचाच आप्त आहे आणि गोमंतकातील कोकणीतला 'परस'ही त्याच कुळातला आहे, हे त्याला सांगितले जात नाही. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला. तुलनेच्या प्रकरणापुरता तरी तो पुनर्विचार बोलींपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

लिऑन स्टासेन यांनी १९८५ मध्ये शंभराहून अधिक भाषांतील तुलनेच्या रचनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'अमुकापासून पाहता मोठा' अशा अपादानवाचक रचना जगातील अनेक भाषांत आहेत. आपला 'हून' आणि हिंदीतील 'से' याच जातीचे. तेव्हा विशेषणाला विकार न होणे ही मराठीची किंवा मालवणीची उणीव नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की, परीक्षक 'मोअर बिगर' स्वीकारणार नाही. त्याने स्वीकारूही नये. प्रश्न चूक मान्य करण्याचा नसून ती कोणत्या वाटेने दुरुस्त करावी याचा आहे. महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही विद्यार्थी 'बिग, बिगर, बिगेस्ट' अशी तक्त्यातील त्रयी घोकतो आणि वाक्य करताना अडखळतो. त्याऐवजी शिक्षकाने फळ्यावर बांगड्याचे मालवणी वाक्य लिहावे, 'परास'खाली रेघ ओढावी आणि विचारावे: ही खूण इंग्रजीत कोठे गेली? उत्तर विद्यार्थी स्वतःच देईल.

मराठी विभागांनी आपल्या परिसरातील बोलींमधील तुलनेच्या रचना गोळा करून त्यांचे वर्णन सिद्ध करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाला हा विषय पुरेसा आहे. बोली ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड आहे, हा समज आपल्याच वर्गांत रुजला आहे. तो दूर करण्याची जबाबदारीही आपलीच आहे.