नाव गटाचे की एकट्याचे?

पिंप्राळ्याची जुनी ओळख आषाढी एकादशीच्या रथाची. गाव आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे. उन्हाळ्यात अंगणात आणि गच्चीवर पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळत घालण्याची रीत मात्र खानदेशातून गेलेली नाही. जे घरापुरते होत असे, ते आता बचत गटांच्या मार्फत बाजारासाठीही होऊ लागले आहे, एवढाच फरक. बाजारात माल आला की त्याला नाव लागते, आणि नाव चालू लागले की त्याच्या मालकीचा प्रश्न उभा राहतो. हा दुकानदारांचा प्रश्न आहे असे मानून श्रमिकांच्या चळवळीने त्याकडे आजवर पाठ फिरविली. ती चूक होती.

समजा, पिंप्राळ्यातील दहा स्त्रियांच्या एका गटाने पाच वर्षे खपून उडदाचे पापड आणि काळा मसाला एका नावाने विकला. पुडी फोडल्याशिवाय गिऱ्हाइकाला चव कळत नाही; ते पैसे मोजते ते मागच्या पुडीच्या भरवशावर. म्हणजे त्या नावात साठलेले असतात ते दहा जणींचे मागचे श्रम, आणि त्यांच्या बळावरच पुढची विक्री होते. श्रमांच्या अशा साठ्यालाच भांडवल म्हणतात. या भांडवलाचा मालक कोण?

व्यापारचिन्हांचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, देशातील पहिला कायदा 1940 चा. त्याची जागा 1958 च्या कायद्याने घेतली आणि त्याची जागा 1999 च्या कायद्याने. हा शेवटचा 2003 पासून अमलात आहे. नोंदणीने दहा वर्षांचा हक्क मिळतो आणि दर दहा वर्षांनी शुल्क भरीत राहिल्यास तो कधीच संपत नाही. पेटंटला वीस वर्षांची मुदत आहे, शेतजमिनीला कमाल धारणेची मर्यादा आहे. नावाच्या मालकीला मात्र अशी कोणतीच सीमा कायद्याने घातलेली नाही.

नावाचे बळ किती, हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. 1945 साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिच्याच नावाचे आखूड रूप असलेले विप्रो हे नाव आज संगणकाच्या व्यवसायात जगभर चालते. माल पार बदलला, नाव वाढत राहिले. अमळनेरातील ज्या कुटुंबांनी त्या कंपनीचे शेअर जपून ठेवले ती सधन झाली. भुईमूग विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्या दिवसाचा भाव मिळाला आणि व्यवहार तेथेच संपला. यात कंपनीचा दोष काढण्याचे कारण नाही. मालात वाटा असणे आणि नावात वाटा असणे यांतील अंतर एवढे मोठे आहे, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

आता त्या दहा जणींकडे परत येऊ. नाव नोंदविण्याआधी ते दुसऱ्या कोणाचे आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो. नोंदणी कार्यालयाची सूची कोणालाही विनाशुल्क पाहता येते, पण ती पाहण्याची एक रीत आहे. माल आणि सेवा यांचे मिळून 45 वर्ग केलेले आहेत. ताजी केळी 31 व्या वर्गात, केळीचे वेफर्स 29 व्या, मसाला 30 व्या. एकाच वर्गात शोधून समाधान मानणारा पुढे अडचणीत येतो. शिवाय केवळ अक्षरे पाहून भागत नाही. उच्चार सारखा असला तरी हरकत निघते, मग तुमची पाटी देवनागरीत असो की रोमनमध्ये. नुसते गावाचे नाव किंवा नुसता गुण सांगणारा शब्द, उदाहरणार्थ ‘चविष्ट’, सहसा नोंदविलाच जात नाही. आणि ते योग्यच आहे, कारण असे शब्द सर्वांचे असतात.

खरी मेख शुल्काच्या तक्त्यात आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी व्यक्तीला 4,500 रुपये पडतात. नवउद्योग आणि लहान उद्योग यांनाही तीच सवलत आहे. इतरांना 9,000. आपली संघटना कोणत्या रकान्यात बसते हे न उमगलेला गट साहजिकच सोपी वाट धरतो आणि अर्ज अध्यक्षबाईंच्या व्यक्तिगत नावाने टाकतो. 4,500 रुपये वाचतात, आणि दहा जणींचे नाव कागदोपत्री एकीचे होते. उद्या त्या बाईंनी गट सोडला, त्यांचे निधन झाले किंवा त्यांच्या मुलाने ते नाव एखाद्या व्यापाऱ्याला विकले, तर उरलेल्या नऊ जणींना आपल्याच पापडाच्या हक्कासाठी भांडावे लागेल. बाईंची नियत चांगली असणे हा यावरचा उपाय नव्हे. सदस्यांच्या संघटनेला सामूहिक चिन्ह नोंदविण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ती गटांना सांगतो कोण?

पुढची वाटही निसरडी आहे. अर्ज राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांच्या आत कोणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस आल्यापासून दोन महिन्यांत उत्तर दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. मोठ्या कंपनीच्या पगारी वकिलाला दोन महिने पुष्कळ होतात. इंग्रजी नोटीस वाचून घेण्यासाठी कोणाला तरी शोधणाऱ्या गटाला ते पुरत नाहीत. येथे गरीब माणूस हरतो तो न्यायाने नव्हे, तारखेने. नोंदणी नसतानाही आधीपासूनच्या वापराचा हक्क कायदा मानतो, पण त्याला पुरावा लागतो: जुनी बिले, छापील पिशव्या, पावतीपुस्तके. आपल्याकडे ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.

याच जिल्ह्यात वेगळ्या मालकीचा नमुनाही आहे. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणी तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावाने झाली. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी ते मिळाले. हे मानांकन कोणाला विकता येत नाही. त्या भागातील उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवू शकतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर त्याचे शुल्क अवघे 10 रुपये झाले. म्हणजे अडचण पैशाची उरलेली नाही. पण ज्यांच्या नावे हक्क आहे ते जागे नसतील, तर मानांकन भिंतीवर टांगण्यापुरते राहते. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला मिलानमध्ये मांडल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची जनहित याचिका जुलैत फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः का येत नाहीत, असा न्यायालयाचा सवाल होता.

नूतनीकरणाच्या ऑनलाइन शुल्कात व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला कोणतीच सवलत नाही. कोट्यवधींच्या कंपनीला 9,000 आणि पापडवाल्यांनाही 9,000. ही विषमता दूर करण्याची मागणी लावून धरली पाहिजे, आणि जिल्हा उद्योग केंद्रात नोटिशींचा अर्थ मराठीत सांगणारा माणूस मागितला पाहिजे. तोवर पिंप्राळ्यातील ज्या गटाचा अर्ज भरावयाचा राहिला आहे, त्याने आधी सर्व सदस्यांची बैठक घेऊन अर्जदार कोण हे ठरावाने लिहून घ्यावे आणि मगच 4,500 की 9,000 याचा हिशेब करावा.